कामापुरतं खातं
युनिक्स मशीनच्या आपसांतल्या जोडण्यांविषयी : प्रस्तावना

रात्री दोन वाजता ऑफिसात कुणी नसतं, तरी सर्व्हरवर लॉगिन होतच असतात. पगाराच्या डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या शहरातल्या मशीनवर जातो. लॉग गोळा करणारं एक मशीन बाकीच्या मशीनवर फेरी मारून येतं. नवा कोड तपासून झाला की तो आपोआप चालत्या वेबसाइटवर चढतो. यांतल्या प्रत्येक कामात एक युनिक्स मशीन दुसऱ्याशी संपर्क साधतं, आपलं नाव सांगतं, ओळख पटवतं आणि आत जाऊन काम उरकतं. पासवर्ड टाकायला, स्क्रीनवरचा संदेश वाचायला, काही वेगळं दिसलं तर हात आवरायला तिथं माणूस नसतो. माणसांच्या पासवर्डबद्दल आपण पुष्कळ बोलतो, नियम करतो, नोटिसा लावतो. मशीनच्या लॉगिनकडे मात्र ते बंद पडेपर्यंत कुणी पाहत नाही. हे पुस्तक त्या लॉगिनबद्दल आहे.

पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट मांडली आहे : एका मशीनला दुसऱ्या मशीनवर जे खातं द्यायचं, ते कामापुरतं द्यावं. एक जोडणी, एक खातं, एक काम. कुठून यायचं ते ठरलेलं, आत येऊन काय करायचं ते ठरलेलं आणि केव्हा बंद करायचं तेही ठरलेलं. जमिनीचे व्यवहार ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र आणि एका ठरावीक व्यवहारापुरतं दिलेलं मुखत्यारपत्र यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. पहिलं लिहून देणं सोपं, निस्तरणं अवघड. सर्व्हरवर मात्र जाणती माणसंही रोज पहिल्या प्रकारचं पत्र लिहून देतात, कारण ते दोन मिनिटांत होतं आणि अडलेलं काम लगेच सुरू होतं.

ही शिस्त जुनीच आहे

कामापुरत्या खात्याची कल्पना आजच्या सुरक्षा-तज्ज्ञांनी शोधलेली नाही. १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी यूयूसीपी हा प्रोग्रॅम लिहिला. एका युनिक्सवरून दुसऱ्या युनिक्सवर फाइल नेणं एवढंच त्याचं काम. १९७९मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो विद्यापीठांमध्ये पसरला. मशीन जोडणारी कायमची तार फार थोड्या ठिकाणी होती. बाकी सगळा कारभार टेलिफोन आणि मोडेमवर चाले. एक मशीन दुसऱ्याला फोन लावी, पलीकडून ‘लॉगिन’ ही अक्षरं आली की खात्याचं नाव पाठवी, मग पासवर्ड पाठवी, साठलेल्या फाइली आणि ई-मेल यांची देवाणघेवाण करी आणि फोन ठेवून देई. ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना १९७९मध्ये युजनेटची कल्पना सुचली, ती याच सोयीच्या भरवशावर.

त्या काळच्या खात्याची रचना बारकाईनं पाहण्यासारखी आहे. युनिक्सच्या पासवर्ड फाइलीत प्रत्येक खात्याची एक ओळ असते आणि ओळीत सात रकाने : नाव, पासवर्डची जागा, युजर आयडी, ग्रुप आयडी, माहितीचा मजकूर, होम डिरेक्टरी आणि शेल. लॉगिन झाल्याबरोबर कोणता प्रोग्रॅम सुरू करायचा ते सातवा रकाना सांगतो. माणसाच्या खात्यात तिथं शेल असतो. शेल मिळाला की ती व्यक्ती हवा तो आदेश देऊ शकते. यूयूसीपीच्या खात्यात मात्र त्या जागी यूयूसीआयसीओ हा फाइलींची ने-आण करणारा प्रोग्रॅम लिहिलेला असे. पासवर्ड बरोबर दिला तरी पाहुण्या मशीनच्या हाती शेल येत नसे. देवाणघेवाण सुरू होई, ती संपली की लॉगिनही संपे.

१९८३मध्ये पीटर हनीमन, डेव्हिड नोविट्झ आणि ब्रायन रेडमन यांनी यूयूसीपी नव्यानं लिहिलं. तिघांच्या नावांवरून त्याला हनीडॅनबर म्हणतात. त्यांनी परवानग्यांची एक स्वतंत्र फाइल केली, तिचं नावच ‘परमिशन्स’. समजा, एका मशीनला आपल्याकडे फोन करू द्यायचा आहे. नोंदीच्या सुरुवातीला ‘लॉगनेम’, म्हणजे ते मशीन कोणत्या खात्यानं येणार. मग ‘रिक्वेस्ट’ : त्याला आपल्याकडची फाइल मागता येईल का? काही लिहिलं नाही तर उत्तर ‘नाही’. ‘सेंडफाइल्स’ : त्याच्यासाठी इकडे साठलेल्या फाइली त्यानं फोन केल्यावर द्यायच्या का? काही लिहिलं नाही तर आपण फोन लावू तेव्हाच. ‘रीड’ आणि ‘राइट’ : कोणत्या डिरेक्टरीत हात घालता येईल? काही लिहिलं नाही तर फक्त पाहुण्यांसाठी राखलेली सार्वजनिक डिरेक्टरी. ‘कमांड्स’ : आपल्या मशीनवर कोणते आदेश चालवता येतील? काही लिहिलं नाही तर एकच, आलेली डाक पोहोचवणारा आरमेल. ‘व्हॅलिडेट’ लावलं की अमुक नाव सांगणाऱ्या मशीननं अमुक खात्यानंच यायला हवं, दुसऱ्याचं नाव घेऊन चालणार नाही. आणि ‘कॉलबॅक’ लावलं की आलेला फोन तोडून आपण त्या मशीनच्या नोंदलेल्या नंबरवर उलट फोन करायचा.

यात जे लिहिलेलं नाही ते जवळपास सगळं बंद आहे. अॅडमिननं आळस केला, विसरला किंवा त्याला नीट कळलं नाही, तरी नुकसान होत नाही. फार तर एखादं काम अडतं आणि मग तो विचार करून एक ओळ वाढवतो. हेच तत्त्व या पुस्तकाचा पाया आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या इतिहासाशी थेट नातं सांगता येतं. १९८६मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं अर्नेट हे शैक्षणिक आणि संशोधन संस्थांचं जाळं हाती घेतलं. त्यातल्या सुरुवातीच्या जोडण्यांपैकी एक मुंबईतच होती : जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून यूयूसीपीनं ई-मेल जाऊ लागली. श्रीनिवासन रमाणी तेव्हा एनसीएसटीचे संचालक होते. पुढे देशाबाहेर जाणारी डाकही एनसीएसटीमार्गेच जाऊ लागली. सर्वसामान्य ग्राहकाला व्हीएसएनएलचं इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी; त्याच्या कितीतरी आधी मुंबईत मशीनला मशीनवर खातं देण्याचं काम सुरू झालेलं होतं.

नावावर विसंबणं

ज्या वर्षी हनीडॅनबर आलं, त्याच १९८३मध्ये बर्कली युनिक्सची ४.२ ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात आरलॉगिन, आरएसएच आणि आरसीपी हे आदेश होते. आता मशीन स्थानिक जाळ्यानं कायमची जोडलेली असत आणि दर वेळी पासवर्ड टाकण्याचा कंटाळा येई. म्हणून सोय केली : ‘होस्ट्स डॉट इक्विव्ह’ या फाइलीत ज्या मशीनचं नाव असेल, तिथून येणाऱ्या युजरला त्याच नावाच्या खात्यात पासवर्डशिवाय आत घ्यायचं. शिवाय प्रत्येक युजरला आपल्या होम डिरेक्टरीत ‘आरहोस्ट्स’ नावाची फाइल ठेवून आपल्यापुरती अशीच यादी करता येई.

हा हिशेब एका गृहीतकावर उभा होता. १०२४च्या खालचा पोर्ट फक्त रूटला उघडता येतो, तेव्हा त्या पोर्टवरून आलेलं मशीन युजरचं जे नाव सांगेल ते खरं मानायचं. आवारात पाच-दहा मोठी मशीन आणि सगळ्यांचे अॅडमिन एकमेकांच्या ओळखीचे, तोवर हे निभावलं. टेबलावर स्वतःचं मशीन आलं आणि प्रत्येक जण त्या मशीनपुरता रूट झाला, तेव्हा या गृहीतकात काही राहिलं नाही.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस यानं सोडलेला वर्म इंटरनेटभर पसरला. सेंडमेल आणि फिंगर या प्रोग्रॅममधल्या उणिवा त्यानं वापरल्या हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्याची तिसरी वाट जास्त महत्त्वाची आहे. तो वर्म युजरचे सोपे पासवर्ड ओळखे, आणि मग त्या युजरच्या आरहोस्ट्ससारख्या फाइली वाचून पुढच्या मशीनवर जाई. तिथं त्याला काही फोडावं लागत नसे, कारण युजरनं स्वतःच तो रस्ता मोकळा करून ठेवलेला असे. सहा वर्षांनी, २५ डिसेंबर १९९४ रोजी, त्सुतोमु शिमोमुरा यांच्या मशीनवर झालेल्या हल्ल्यात परक्या मशीननं विश्वासातल्या मशीनचा पत्ता आपलाच असल्याचं भासवलं आणि आरहोस्ट्स फाइलीत अधिकची दोन चिन्हं घातली. त्या दोन चिन्हांचा अर्थ : कोणत्याही मशीनवरून आलेला कोणताही युजर चालेल.

या दोन्ही घटनांचा मूळ दोष एकच. जोडणी देताना ‘हे मशीन आपलं आहे’ एवढाच विचार झाला. त्या मशीनला इथं येऊन नेमकं काय करायचं आहे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. आणि एका मशीनवर दाखवलेला असा विश्वास तिथंच थांबत नाही. पहिलं दुसऱ्याला मानतं, दुसरं तिसऱ्याला. मग पहिल्याच्या अॅडमिनला ठाऊक नसलेलं तिसरं मशीनही त्याच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतं.

किल्ली आली, मर्यादा राहिली

१९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी येणारे-जाणारे पासवर्ड चोरून टिपत असल्याचं उघड झालं. तिथले संशोधक तातु युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सर्वांसाठी खुलं केलं. त्यासाठी त्यांनी २२ नंबरचा पोर्ट मागून घेतला. २१ एफटीपीचा, २३ टेलनेटचा, मधला रिकामा होता. १९९९मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएच आणलं आणि आज लिनक्सच्या जवळपास प्रत्येक सर्व्हरवर तेच असतं.

एसएसएचमध्ये जोडीनं दोन किल्ल्या तयार होतात. खासगी किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, येणाऱ्या मशीनवर राहते आणि तिथून हलत नाही. सार्वजनिक किल्ली, म्हणजे पब्लिक की, पलीकडच्या खात्यातल्या ‘ऑथराइज्ड कीज’ या फाइलीत टाकायची. लॉगिनच्या वेळी खासगी किल्लीनं त्या सत्रापुरती सही केली जाते आणि सार्वजनिक किल्लीनं ती पडताळली जाते. तारेवरून पासवर्ड जात नाही, सगळी वाहतूक कूटबद्ध असते, आणि सर्व्हर खरा आहे का हेही त्याच्या स्वतःच्या किल्लीवरून तपासता येतं. नावावर विसंबण्याचा जुना रोग यानं खरोखरच बरा केला.

पण ओळख पटवणं वेगळं आणि अधिकार ठरवणं वेगळं. ऑथराइज्ड कीजमध्ये किल्ली नुसती टाकली, तर ती आणणाऱ्याला त्या खात्याचा पूर्ण शेल मिळतो. खातं रूटचं असेल तर अख्खं मशीन मिळतं. १९८३च्या परमिशन्स फाइलीत न लिहिलेलं जवळपास सगळं बंद होतं. ऑथराइज्ड कीजमध्ये न लिहिलेलं बरंचसं उघडं असतं. मर्यादा घालायची साधनं एसएसएचमध्ये आहेत आणि उत्तम आहेत. ती आपण होऊन वापरावी लागतात, आणि ती कशी वापरायची हे शिकवण्यासाठीच या पुस्तकाची निम्मी पानं खर्ची पडली आहेत.

एक जोडणी जवळून

रोजच्या बॅकअपचं उदाहरण घेऊ. डेटाबेसचं मशीन रोज रात्री बॅकअपच्या मशीनवर एक फाइल पाठवतं. नेहमी दिसणारी पद्धत अशी : दोन्हीकडे रूट, रूटची किल्ली, आणि क्रॉनमध्ये एक ओळ. काम चालतं. मात्र ज्या दिवशी डेटाबेसच्या मशीनवर कुणी घुसेल, त्या दिवशी त्याला तीच किल्ली हाती लागेल, तो बॅकअपच्या मशीनवर रूट म्हणून जाईल आणि जुने बॅकअपही पुसेल. खंडणीसाठी डेटा कुलूपबंद करणारे हल्लेखोर आधी बॅकअपच शोधतात.

आता हीच जोडणी कामापुरती करू. बॅकअपच्या मशीनवर या एका कामासाठी वेगळं खातं काढायचं. त्याला पासवर्डच ठेवायचा नाही. ऑथराइज्ड कीजमधल्या किल्लीच्या ओळीत किल्लीच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या. पहिली ‘फ्रॉम’ : ही किल्ली फक्त डेटाबेसच्या मशीनच्या पत्त्यावरून आली तरच चालेल. दुसरी ‘रिस्ट्रिक्ट’ : टर्मिनल, पोर्ट पुढे नेणं, एजंट पुढे नेणं, असल्या सगळ्या सवलती बंद. २०१६मध्ये आलेल्या या एका शब्दाची खुबी अशी की पुढच्या आवृत्त्यांत एखादी नवी सवलत आली तर तीही या किल्लीला आपोआप बंद राहते. तिसरी ‘कमांड’ : येणारं मशीन काहीही मागो, इथं चालेल ती एक ठरलेली स्क्रिप्टच. ती स्क्रिप्ट येणारा मजकूर घेते, त्या दिवसाच्या तारखेची नवी फाइल करते आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर नकार देते. वाचायला काही देत नाही, पुसायला काही देत नाही.

एवढ्यानं काय साधलं? खासगी किल्ली चोरीला गेली तरी चोराला डेटाबेसच्या मशीनवरूनच यावं लागेल, आणि आल्यावर एक जादा फाइल टाकण्यापलीकडे त्याला काही करता येणार नाही. डिस्क भरून टाकण्याचा धोका उरतो; त्यासाठी खात्याला कोटा लावायचा. ऑथराइज्ड कीज ही फाइल, ती जिथं आहे ती डिरेक्टरी आणि त्या खात्याची होम डिरेक्टरी, तिन्ही रूटच्या मालकीची आणि त्या खात्याला लिहिता न येणारी ठेवायची, म्हणजे त्या खात्यालाही आपली मर्यादा स्वतः उठवता येत नाही.

इथं एक खाचखळगा आहे आणि त्यात पुष्कळ जण अडकतात. खातं कामापुरतं करायचं म्हणून ते सातव्या रकान्यात ‘नोलॉगिन’ लिहितात आणि मग ठरवून दिलेली स्क्रिप्टही चालत नाही. कारण एसएसएच ती स्क्रिप्ट त्या खात्याच्या शेलमार्फतच चालवतं. फक्त फाइली ठेवण्या-नेण्याचं एसएफटीपी खातं असेल आणि त्याला एसएसएचमधलाच अंतर्गत एसएफटीपी लावला असेल, तर नोलॉगिन चालतं, कारण तिथं शेल लागत नाही. अशा बारकाव्यांची कारणं पुस्तकात जागोजागी दिली आहेत. कारण कळलेलं असलं की माणूस उपाय पाठ करत बसत नाही, स्वतः काढतो.

सात-सात-सातचा मोह

जोडणीची दुसरी बाजू म्हणजे फाइली आणि डिरेक्टऱ्यांच्या परमिशन. मालक, ग्रुप आणि बाकीचे अशा तिघांसाठी वाचणं, लिहिणं, चालवणं अशा तीन-तीन परवानग्या. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. म्हणून ७०० म्हणजे मालकाला सगळं आणि इतरांना काही नाही, ६०० म्हणजे मालकाला वाचणं-लिहिणं, आणि ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं.

किल्ली टाकली तरी लॉगिन होत नाही. स्क्रीनवर ‘परमिशन डिनाइड’ एवढंच येतं. ‘परमिशन’ शब्द दिसला की हात सीएचमॉडकडे जातो आणि अख्ख्या होम डिरेक्टरीला ७७७ दिलं जातं. त्यानं लॉगिन आणखी पक्कं बंद होतं. असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. डिरेक्टरीवर लिहिण्याची परवानगी म्हणजे तिच्यातल्या नोंदी बदलण्याची परवानगी. माझी होम डिरेक्टरी दुसऱ्याला लिहिता येत असेल, तर आतल्या किल्लीच्या फाइलीला त्याला हातही लावावा लागत नाही. तो माझी अख्खी एसएसएचची डिरेक्टरी दुसऱ्या नावानं बाजूला सारतो आणि त्या जागी स्वतःची किल्ली असलेली नवी डिरेक्टरी ठेवतो. म्हणून होम डिरेक्टरी, एसएसएचची डिरेक्टरी आणि किल्ल्यांची फाइल यांपैकी काहीही इतरांना लिहिण्याजोगं असेल, तर सर्व्हर त्या फाइलीवर विश्वासच ठेवत नाही. या तपासणीला ‘स्ट्रिक्टमोड्स’ म्हणतात.

नकाराचं खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं : मालकी किंवा परमिशन चुकीची आहे, आणि कोणत्या डिरेक्टरीची. येणाऱ्या मशीनला ते मुद्दाम सांगितलं जात नाही, कारण येणारा घुसखोरही असू शकतो. लॉगिन अडलं की आधी पलीकडच्या सर्व्हरचा लॉग वाचायचा, परमिशनला हात नंतर. ही एक सवय अंगी बाणवली तरी पुस्तकाचे पैसे वसूल झाले असं मी समजेन.

आणखी एक गोष्ट. आपण खात्याला नावानं ओळखतो, युनिक्स त्याला आकड्यानं ओळखतं. एका सर्व्हरवर १००१ हा आकडा हिशेबनिसाचा असेल आणि दुसऱ्यावर तोच आकडा प्रशिक्षणार्थीचा, तर एनएफएसनं डिस्क जोडल्यावर हिशेबनिसाच्या फाइली प्रशिक्षणार्थीच्या नावावर दिसू लागतात, आणि नुसत्या दिसत नाहीत, त्याला उघडताही येतात. मशीन जोडण्याआधी आकड्यांचा मेळ घालावा लागतो. त्यासाठी एक प्रकरण राखून ठेवलं आहे.

खातं बंद करणं हेही काम आहे

खातं उघडण्याची पद्धत बहुतेक ऑफिसांत असते. बंद करण्याची क्वचितच असते. १९८६मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल यांना संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक सापडला. त्याचा माग काढत ते पश्चिम जर्मनीत बसलेल्या घुसखोरापर्यंत पोहोचले. तो घुसखोर ज्या खात्यांतून वावरत होता, त्यांत तिथून निघून गेलेल्या माणसाचं खातंही होतं. बिनवापराचं खातं घुसखोराला सोयीचं असतं, कारण त्यातल्या हालचालीवर आक्षेप घ्यायला त्याचा धनी जागेवर नसतो.

खातं बंद करतानाही एक फसगत होते. पासवर्ड ‘लॉक’ केला की खातं बंद झालं असं मानलं जातं. लिनक्सच्या अनेक सिस्टिमवर पासवर्ड लॉक असला तरी किल्लीनं लॉगिन चालूच राहतं. खात्याची मुदतच संपवावी लागते आणि किल्ली फाइलीतून काढावी लागते.

आणि किल्ल्यांची नोंदवही हवीच. मे २००८मध्ये उघड झालं की डेबियन या लिनक्स प्रणालीवर जवळपास दोन वर्षं तयार होत असलेल्या किल्ल्या कच्च्या होत्या. एका प्रकारच्या मशीनवर, एका लांबीच्या किल्लीसाठी फक्त ३२,७६८ शक्यता उरत होत्या. ज्यांच्या सर्व्हरवर डेबियन नव्हतं, त्यांनाही आपल्याकडे टाकलेली प्रत्येक किल्ली तपासावी लागली, कारण ती दुसऱ्या कुणाच्या डेबियनवर बनलेली असू शकत होती. कोणती किल्ली कुणाची, हे ज्यांच्याकडे लिहिलेलं होतं त्यांचं काम सोपं झालं. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. सगळी मशीन रूट या एकाच नावानं एकमेकांत वावरत असतील, तर १८० दिवसांचा लॉग हाती असूनही कोणती हालचाल कोणत्या कामाची, हे सहा तासांत सांगता येत नाही. कामापुरती वेगळी खाती असतील, तर लॉगमधलं नावच ते सांगतं.

पुस्तकाविषयी

पहिल्या भागात एकाच मशीनवरची खाती, ग्रुप आणि परमिशन आहेत. तो पाया पक्का नसेल तर पुढचं सगळं पाठांतर होईल, म्हणून अनुभवी वाचकानंही तो भाग वगळू नये. दुसऱ्या भागात एसएसएचच्या किल्ल्या, त्यांच्या मर्यादा, एसएफटीपीची बंदिस्त खाती आणि एनएफएस. तिसऱ्या भागात नोंदवही, तपासणी, लॉग आणि खाती बंद करण्याची पद्धत. सगळे आदेश लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन्हींवर चालवून पाहावेत अशा बेतानं दिले आहेत. जिथं फरक आहे तिथं तो सांगितला आहे. क्लाउड कंपन्यांची स्वतःची परवानगी-व्यवस्था इथं घेतलेली नाही, तो स्वतंत्र विषय आहे. पण तिथल्याही मशीनच्या आत शेवटी युनिक्सचीच खाती असतात.

सहकारी बँका, साखर कारखाने, महाविद्यालयं, दवाखाने, नगरपालिका यांचे सर्व्हर सांभाळणारी पुष्कळ मंडळी आपसांत मराठीतच बोलतात. अडचण मराठीत सांगतात, उपाय मराठीत सुचवतात. त्यांच्या कामाचं पुस्तक त्यांच्या बोलण्यात असावं, एवढ्यासाठी हे मराठीत लिहिलं. मूळ मॅन्युअल वाचण्याची गरज त्यानं संपत नाही. उलट हे वाचल्यावर ती मॅन्युअल हाती घ्यायला भीती वाटू नये, अशी इच्छा आहे.

वाचकाला एकच विनंती. पुढचं पान उलटण्याआधी आपल्या एखाद्या सर्व्हरवर बसा आणि त्यावरच्या सगळ्या खात्यांची आणि सगळ्या ऑथराइज्ड कीज फाइलींतल्या किल्ल्यांची यादी करा. प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहा : कुणाची, कशासाठी, कुठून आणि कधीपर्यंत. रिकाम्या राहिलेल्या जागांबद्दल चौकशी करा, लेखी विचारा, ठरावीक मुदत द्या. त्या मुदतीत ज्या किल्लीचा धनी पुढे येणार नाही, ती किल्ली काढून टाका.